टॅपेट बंधूंचा एक तास

मोटारीच्या एंजिनातील झडपांची उघडमीट करणाऱ्या टॅपेट नावाच्या भागाची फट प्रमाणाबाहेर वाढली, म्हणजे बॉनेटखालून एक कोरडी टकटक ऐकू येऊ लागते. आणि आपल्याकडचा कोणताही मुरलेला मिस्त्री, गाडी फाटकातून आत येते न येते तोच, हातातला पाना खाली न ठेवता, ‘टॅपेट वाजतायत’ असा निकाल देऊन मोकळा होतो. याच टकटकीवरून अमेरिकेतील दोन भावांनी आपली नभोवाणीवरची टोपणनावे घेतली होती : क्लिक आणि क्लॅक, टॅपेट बंधू. त्यांची खरी नावे टॉम आणि रे मॅग्लियोझी, आणि पंचवीस वर्षे देशभरातील केंद्रांवरून बहुधा शनिवारी सकाळी घरोघर पोहोचणाऱ्या त्यांच्या तासाभराच्या कार्यक्रमाचे नाव ‘कार टॉक’.

टॉमचा जन्म १९३७ चा, रेचा १९४९ चा. बॉस्टनहून चार्ल्स नदी ओलांडली की केंब्रिज लागते. त्याच्या पूर्वेकडील कष्टकरी वस्तीत, इटालियन वंशाच्या कुटुंबात दोघे वाढले, आणि दोघांनीही घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या, एमआयटी या नावाने जगभर विख्यात असलेल्या विद्यापीठातून पदवी घेतली. पुढे टॉम एका मोठ्या उद्योगसंस्थेत अधिकारपदावर रुजू झाला. एके दिवशी कचेरीत जात असताना हमरस्त्यावर त्याची छोटी एमजी गाडी एका अजस्र मालट्रकच्या तडाख्यातून थोडक्यात वाचली, आणि याच रस्त्यावर याच नोकरीसाठी फेऱ्या घालता घालता आपले आयुष्य संपले असते तर ते किती निरर्थक ठरले असते, या विचाराने त्याला असे काही घेरले की त्याने नोकरीचा राजीनामा दिला. ही हकीकत तो स्वतः पुढे नेहमी सांगत असे.

१९७३ साली या भावांनी केंब्रिजमध्ये जे गॅरेज काढले, त्याची कल्पना मला त्यांच्या सर्व पुढील कर्तृत्वाचे बीज वाटते. तेथे गाडी दुरुस्त करून मिळत नसे. गाडीच्या मालकाला जागा आणि अवजारे भाड्याने मिळत, आणि त्याने बाह्या सरसावून स्वतःची गाडी स्वतः खोलावी, अडल्यास या दोघांना विचारावे, अशी मुभा असे. हिशेबाच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरला आणि कालांतराने त्याचे रूपांतर सर्वसाधारण दुरुस्तीच्या गॅरेजात झाले. परंतु पाना मालकाच्या हाती आणि कान मिस्त्रीचा, ही जी विभागणी तेथे झाली, तीच पुढे दूरध्वनीच्या तारेवरून देशभर पसरली.

१९७७ साली बॉस्टनच्या डब्ल्यूबीयूआर या केंद्राने मोटार दुरुस्तीवर चर्चा घडवून आणण्यासाठी शहरातील काही मिस्त्रींना पाचारण केले. आला एकटा टॉम. पुढच्या खेपेस त्याने धाकट्या भावाला बरोबर आणले, आणि स्थानिक श्रोत्यांसाठी हा कार्यक्रम सुरू झाला. दहा वर्षांनी, १९८७ च्या अखेरीस, नॅशनल पब्लिक रेडिओ या संस्थेने तो देशभर वितरित करण्यास प्रारंभ केला. आकाशवाणीच्या एकसंध कारभाराची सवय असलेल्या वाचकाला येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील लोकाश्रयी नभोवाणी केंद्रे परस्परांपासून स्वतंत्र असतात. श्रोत्यांच्या वर्गण्या आणि देणग्या हा त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार असतो. आणि प्रत्येक केंद्र आपल्या पसंतीचे कार्यक्रम मोल देऊन घेते व आपल्या सोयीच्या वेळी ऐकवते. म्हणजे कोणाच्या हुकुमाने नव्हे, तर सहाशेहून अधिक केंद्रांनी आपापल्या मर्जीने या दोन भावांना आपल्या शनिवार-रविवारात जागा दिली होती, आणि दर आठवड्याला तीस लाखांहून अधिक माणसे त्यांना ऐकत होती.

आता त्या तासाची रीत. श्रोते आपली तक्रार दूरध्वनीवर नोंदवून ठेवत. निर्माता डग बर्मन आणि त्याचे सहकारी त्यांतून काहींची निवड करत. परंतु कोणता प्रश्न येणार याची आगाऊ वर्दी या भावांना दिली जात नसे. पलीकडून एखादी शिक्षिका, एखादा विद्यार्थी, एखादे भांडणारे जोडपे बोलू लागे, आणि गाडीचा आवाज कसा येतो असे विचारताच त्या सभ्य माणसाला लक्षावधी लोकांच्या देखत घरघर, किरकिर, खडखड असे तोंडाने काढून दाखवावे लागे. मग उलटतपासणी सुरू होई. एंजिन थंड असताना की तापल्यावर? सरळ जाताना की वळताना? ब्रेकवर पाय ठेवताच थांबतो की वाढतो? या व्यवसायातील जाणकाराला ठाऊक असते की पुढची चाके पुरती वळवल्यावर येणारी कटकट बहुधा आसाच्या सांध्याच्या झिजेकडे बोट दाखवते. थंडीच्या सकाळी गाडी सुरू होताच उठणारी किंचाळी बहुधा सैल पट्ट्याची असते. आणि गाडीच्या आत गोडसर वास येऊन पायांखालचा गालिचा ओला लागला, तर हीटरमधून रेडिएटरचे पाणी गळत आहे असे समजावे. एकेक शक्यता बाद करत दोषाच्या मुळापर्यंत जाण्याची ही पद्धती निष्णात वैद्याच्या निदानाहून तत्त्वतः निराळी नाही. फक्त येथे नाडी पाहायला रोगी समोर नसे, आणि त्याची सर्व लक्षणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत.

या साऱ्यावर टॉमच्या हास्याचा वर्षाव चाललेला असे. केवळ दुरुस्तीचा सल्ला हवा असणाऱ्याला तासातील निम्म्याहून अधिक वेळ हसण्यात आणि श्रोत्यांना दर आठवड्याला घातल्या जाणाऱ्या कोड्यात गेला असे वाटणे शक्य आहे. मला तसे वाटत नाही. गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या सामान्य माणसाची भीती मी स्वतः अनुभवली आहे : एका गॅरेजात, न मोडलेल्या भागाचे पैसे मी निमूटपणे मोजले ते केवळ आपले अज्ञान उघडे पडू नये म्हणून. ती भीती आधी विरघळल्याखेरीज कोणतेही ज्ञान आत शिरत नाही, आणि ती विरघळवण्याचे सामर्थ्य त्या हास्यात होते, कारण ते विचारणाऱ्याला कधी हिणवत नसे. हार्वर्ड चौकातील त्यांच्या कचेरीच्या खिडकीवर वकिलांच्या पेढीच्या थाटात जे तीन भागीदारांचे नाव रंगवलेले होते, ते इंग्रजीत मोठ्याने वाचले की ‘आम्ही लोकांना फसवतो का? आणि ते कसे!’ असे ऐकू येई. ज्या धंद्याविषयी जनतेच्या मनात सर्वाधिक संशय, त्या धंद्यातील माणसांनी तो संशय स्वतःच पाटीवर लिहून लावला होता.

परंतु या कार्यक्रमाचा जो विशेष मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो, तो निराळाच आहे. पूर्वी सल्ला घेऊन गेलेल्या एखाद्या श्रोत्याला अधूनमधून पुन्हा बोलावले जाई, आणि आमचे निदान बरोबर निघाले की चुकले, याची जाहीर कबुली घेतली जाई. पुष्कळदा ते चुकलेले असे. तेही तितक्याच मोकळेपणाने ऐकवले जाई. सल्ला देणाऱ्यांची जगात वाण नाही. दिलेल्या सल्ल्याचा ताळेबंद भर सभेत मांडणारा सल्लागार मात्र मी फारसा पाहिलेला नाही.

१९९७ साली त्यांना एक दूरध्वनी आला. सरकारी मालकीची गाडी आहे. सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटे भयंकर आवाज करत हादरते. मग एक धक्का बसून सुमारे साडेसहा मिनिटे सुरळीत चालते. आणि नंतर एंजिन बंदच पडते. भाऊ नेहमीप्रमाणे तपासणीस बसले. बोलणारा होता अंतराळवीर जॉन ग्रन्सफेल्ड, एमआयटीचाच पदवीधर. गाडी होती अवकाशयान. पहिली दोन मिनिटे घन इंधनाच्या अग्निबाणांची, पुढची मुख्य एंजिनांची, आणि शेवटी एंजिन बंद पडते ते यान कक्षेत पोहोचते म्हणून. अंतराळातून केलेल्या त्या विनोदात या भावांविषयीचा केवढा जिव्हाळा आहे!

१९९२ साली त्यांना नभोवाणी क्षेत्रातील प्रतिष्ठेचे पीबॉडी पारितोषिक मिळाले. १९९९ साली एमआयटीने पदवीदानाच्या भाषणासाठी दोघांना सन्मानाने बोलावले. गाडी चालवताना दूरध्वनीवर बोलू नये, यासाठी त्यांनी फार लवकर, चिकाटीने मोहीम चालवली. टॉम स्वतः १९६३ सालची जुनी डॉज डार्ट बाळगून होता, आणि ‘माझ्या भावासारखी गाडी चालवू नका’ हे दोघांचेही दर आठवड्याचे निरोपाचे वाक्य असे.

२०१२ च्या ऑक्टोबरात त्यांनी नवे भाग करणे थांबवले. त्यानंतर जुन्या ध्वनिमुद्रणांतून निवडलेले भाग ऐकवले जात राहिले, आणि केंद्रांनी ते घेणे चालूच ठेवले. टॉमला स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर विकाराने ग्रासले होते. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. फुले पाठवू नयेत, त्याऐवजी अल्झायमरग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला किंवा आपल्या गावच्या नभोवाणी केंद्राला देणगी द्यावी, अशी विनंती कुटुंबीयांनी श्रोत्यांना केली.