हळुवार हालचालीचे शास्त्र

हातात वीस किलोचे ओझे असताना त्यावर एखादे पोस्टकार्ड ठेवले, तर हाताला त्याची जाणीव होत नाही. तेच पोस्टकार्ड रिकाम्या तळहातावर ठेवताच जाणवते. मूळ भार जितका मोठा, तितका जाणवण्याजोगा फरकही मोठा असावा लागतो. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर (१७९५-१८७८) यांच्या प्रयोगांतून निघाला.

स्नायूंच्या श्रमालाही तो लागू पडतो, या विचारावर मोशे फेल्डेनक्राइस (१९०४-१९८४) यांनी आपली पद्धती उभारली. ते पदार्थविज्ञानाचे अभ्यासक व ज्युदोपटू होते. स्वतःच्या दुखावलेल्या गुडघ्यामुळे ते चालण्याउठण्याचे बारकाईने निरीक्षण करू लागले.

त्यांच्या पद्धतीतील हालचाली अगदी साध्या असतात. उताणे निजून गुडघे दुमडावेत व पावले जमिनीवर टेकवावीत. मग कंबर किंचित वरखाली कलवावी. श्वास कोंडू नये. दुखू लागण्यापूर्वीच थांबावे. पाठीचा कोणता भाग जमिनीस टेकतो, जबडा उगीच आवळला जातो काय, याकडे लक्ष द्यावे. जोर लावल्यास हे बारकावे लोपतात. जोर कमी होताच अनावश्यक ताण जाणवतो. आणि जो ताण जाणवतो, तोच सोडता येतो.

या पद्धतीची शास्त्रीय पारख अद्याप अपुरी आहे, आणि ती वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही. वेदनेबरोबर बधिरता वा अशक्तपणा असल्यास प्रथम डॉक्टरांस दाखवावे. मात्र बाकावर पोक काढून बसणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ ताठ बसण्याचा हट्ट धरला, तर जुन्या ताणावर नव्या ताणाची भर पडते. आपण कसे बसलो आहोत, हे आधी ओळखणे, ही सुधारणेची पहिली पायरी होय.