कोपऱ्यावरचं मैदान

टायगर्स या आपल्या बेसबॉल संघाच्या मैदानाला डेट्रॉइटकर फारसे नावानं ओळखत नसत. मिशिगन आणि ट्रंबल हे रस्ते जिथे मिळतात तो ‘कोपरा’, एवढं म्हटलं की पुरे. पाटीवर तीन नावं लागली: १९१२मध्ये नॅव्हिन फील्ड, १९३८मध्ये ब्रिग्ज स्टेडियम आणि १९६१पासून टायगर स्टेडियम. कोपरा तोच राहिला.

या स्टेडियमची मोठी खोड म्हणजे त्याचे खांब. वरचा मजला आणि छप्पर पेलणारे लोखंडी खांब थेट प्रेक्षकांच्या मधेच उभे. खांबामागची खुर्ची नशिबी आली की एक तर पिचर दिसायचा नाही, नाहीतर होम प्लेट. पण याच खांबांमुळे वरचा मजला मैदानाला खेटून बांधता आला होता. पुढच्या काळातल्या स्टेडियममधून खांब गेले आणि वरचे प्रेक्षक लांब लांब सरकत गेले. इथे मात्र साध्या तिकिटावरही खेळ अंगावर यायचा. उजवीकडचा सज्जा तर मैदानावर दहा फूट पुढे आलेला. खाली क्षेत्ररक्षक झेलासाठी हात पसरून उभा असायचा आणि चेंडू वरच्या वर सज्ज्यात पडून होम रन व्हायचा! मधली हद्द ४४० फुटांवर, आणि तिथेच, कुंपणाच्या आत, १२५ फुटी ध्वजस्तंभ.

टायगर्सचा फलंदाज टाय कॉब याच्या काळात होम प्लेटपुढची माती मुद्दाम भिजवून ठेवत. त्यानं हलकेच टेकवलेला चेंडू तिथेच थबकावा म्हणून. त्या चिखलाला नाव पडलं ‘कॉबचं तळं’. सलग २,१३० सामने खेळलेला न्यूयॉर्कचा लू गेरिग २ मे १९३९ला याच मैदानावर आपण होऊन संघाबाहेर बसला. शरीर साथ देईना. दोन वर्षांनी तो गेलाच.

नव्या स्टेडियमची चर्चा सुरू झाली तेव्हा, १९८८मध्ये, चाहत्यांनी हातात हात गुंफून या वास्तूला कडं केलं, तिला अक्षरशः मिठी मारली. तरीही निर्णय झाला. श्रीमंतांसाठीच्या खास कक्षांतून मिळणारा पैसा या जुन्या सज्ज्यांतून मिळणार नव्हता. मला हे कारण आजही पटत नाही.

१९९९च्या अखेरच्या हंगामात टायगर्स जिंकले कमी, हरले जास्त. पण २७ सप्टेंबरची संध्याकाळ वेगळीच होती. कॅन्सस सिटीविरुद्धच्या त्या शेवटच्या सामन्यात खेळाडूंनी जुन्या दिग्गजांचे क्रमांक पाठीवर घेतले. कॉबच्या काळी क्रमांकच नव्हते, म्हणून गेब कॅपलरची पाठ कोरी. रॉबर्ट फिककडे नॉर्म कॅशचा २५ क्रमांक आला होता. कॅशनं इथे चार वेळा चेंडू उजवीकडच्या छपरापलीकडे धाडला होता. आठव्या डावात तिन्ही बेसवर गडी असताना फिकनं चेंडू उचलला, तो त्याच छपरावर आदळला आणि मैदानात परत पडला. त्यानंतर तिथे कुणालाच हिट मिळाली नाही. टायगर्स ८-२ असे जिंकले.

मग जुने खेळाडू गणवेशात एकेक करून मैदानात उतरले. मार्क फिड्रिच पिचरच्या उंचवट्यावर गेला, गुडघ्यांवर बसला आणि तिथली माती गोळा करू लागला. ध्वज उतरवून हातोहात पुढे देण्यात आला. होम प्लेट उखडून नव्या स्टेडियमात नेली.

पुढची कित्येक वर्षं इमारत रिकामीच उभी होती. २००८-०९मध्ये ती पाडली. मोकळ्या जागेत रान माजलं, तेव्हा काही चाहते स्वतःची यंत्रं घेऊन आले आणि वर्षानुवर्षं, विनामोबदला, तिथलं गवत कापत राहिले. २०१८पासून तिथे मुलांसाठी मैदान आहे. गवत आता कृत्रिम आहे. ध्वजस्तंभ मात्र जुनाच, जुन्याच जागी.