रबराच्या पॅडवर घडलेले हात

पाइप बँड म्हटलं की आठवतात त्या बॅगपाइप. स्पर्धेत बँड गोल करून उभा राहतो, त्यात मागच्या बाजूला स्नेअर ड्रमवाले असतात. त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अर्ध्या शतकात या स्कॉटिश संगीतात सगळ्यात मोठा पालट झाला तो त्यांच्या हातांत.

जागतिक पाइप बँड स्पर्धा 1947 पासून आजच्या स्वरूपात भरू लागली. तेव्हाचा स्नेअर ड्रम लष्करातून आलेला. त्याचं पान कातड्याचं, आणि स्कॉटलंडच्या ओल्या हवेत ते हमखास सैल पडायचं. पावलं सांभाळणं आणि धून उचलून धरणं, एवढीच त्या ड्रमकडून मुख्य अपेक्षा असे.

हे चित्र बदलण्यात ॲलेक्स डुथार्ट (1925–1986) यांचा वाटा सर्वांत मोठा. ते लॅनार्कशरचे, शॉट्स अँड डाइकहेड बँडमधलं त्यांचं काम विशेष गाजलं. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराची ड्रमवादनाची जुनी परंपरा आहे. तिथल्या फ्रिट्झ बेर्गर यांनी ती लिहून ठेवण्यासाठी एकरेषी पद्धत तयार केली होती. डुथार्ट यांनी बासेलची वादनशैली अभ्यासली आणि स्कॉटिश धुनींत मुरवली; लिहिण्याची पद्धतही तिथलीच घेतली. तिच्यात उजव्या हाताचे आघात रेषेच्या वर, डाव्याचे खाली. आजही पाइप बँडचे ड्रमवाले असंच लिहितात, असंच वाचतात. डुथार्ट यांचं खरं मोठेपण मात्र मला त्यांच्या रचनांत दिसतं. धून जिथे श्वास घेते तिथे त्यांचा ड्रम हलका होतो, ती उसळते तिथे भरतो. पाइपचा आवाज कमी-जास्त करता येत नाही; ती उणीव ड्रम भरून काढू लागला.

हे साधायचं तर सरावाला पर्याय नव्हता, आणि सराव होतो टेबलाभोवती, रबराच्या पॅडवर. पॅडला गुंजन नाही, त्यामुळे लपायला जागा नाही. सगळ्यांच्या काड्या एकाच उंचीवरून खाली याव्या लागतात. एकाची बोटभर वर गेली तरी त्याचा ठोका वेगळा पडतो. रोल सर्वांत कठीण. काडी पानावर दाबून थरथरवायची आणि दोन्ही हातांची थरथर एकमेकींत सांधायची. स्ट्रॅथस्पे या स्कॉटिश नृत्यधुनीत तर तुटक, झटक्याच्या लयीत ते सांभाळायचं. तासन् तास संथ लयीत, मग थोडं चढवून, पुन्हा संथ. आपल्याकडे ताशा वाजवणाऱ्याला ही मेहनत सांगावी लागणार नाही.

पुढे केव्हलारची पानं आली. बुलेटप्रूफ जाकिटांत वापरतात तोच धागा. तो कितीही ताणा, तग धरतो. शिवाय वरच्या पानाखालीही स्नेअरच्या तारा बसवल्या गेल्या, आणि ड्रमचा आवाज उंच, कोरडा, कमालीचा स्पष्ट झाला. आठ-दहा जण एकत्र वाजवताना कुणाचा हात केसभर मागे राहिला तरी तो ऐकू येतो. या काळातलं ठळक नाव जिम किलपॅट्रिक. जागतिक एकल ड्रमवादनाची स्पर्धा त्यांनी 16 वेळा जिंकली. पुढे कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलियातले बँडही या दर्जाला पोचले.

कातड्याच्या पानाची ऊब या वाटचालीत गेली, आणि तिची हळहळ मला वाटते. तरीही केव्हलारने ड्रमवाले घडवले, हे म्हणणं मला पटत नाही. घट्ट पानाने फक्त उघड केलं की कोणाचे हात तयार आहेत. ते तयार झाले होते पॅडवरच, केव्हलारच्या कितीतरी आधी.

आपल्या लष्करातही ब्रिटिश काळापासून पाइप आणि ड्रमचे बँड आहेत. 29 जानेवारीला विजय चौकातलं बीटिंग रिट्रीट टीव्हीवर लागेल, तेव्हा पाइपवाल्यांवरून नजर काढून थोडा वेळ ड्रमवाल्यांच्या काड्यांकडे बघा.