मोर्चाच्या आदल्या रात्री

मोर्चाची बातमी होते, त्याच्या आदल्या रात्रीची होत नाही. टेम्पो कोणाचा, डिझेलची वर्गणी किती, ऐन लावणीत कोणाच्या घरची माणसं सोडायची, नेत्याचं पटलं नाही तर भर बैठकीत बोलायचं कोणी, यावर उशिरापर्यंत घासाघीस चालते. आंदोलन टिकणार की फुटणार, ते तिथे ठरतं. प्रश्नावली घेऊन दुपारी येणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या अभ्यासकाला ते दिसत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रेबर अशा बैठकांत कार्यकर्ता म्हणूनच बसला. 2001 साली कॅनडातल्या क्वेबेक शहरात झालेल्या निदर्शनांवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ 2009 मध्ये आला. अश्रुधुराइतकंच त्यात बैठकांतल्या वादांनाही महत्त्व आहे. आपल्याकडे मूळच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट त्याच्या कितीतरी आधी या वाटेने गेल्या. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलेत पीएच.डी. करून त्या इथल्याच झाल्या, कासेगावात राहिल्या, श्रमिक मुक्ती दलात वावरल्या. आतला माणूस तटस्थ कसा, हा आक्षेप ठरलेला. पण बाहेरचा अभ्यासकही गावात कोणाच्या तरी ओसरीवरच उतरतो. तो ते सांगत नाही, इतकंच.

रायगड जिल्ह्यातल्या रोह्यापासून पेण-अलिबागचा खारेपाट, म्हणजे समुद्राच्या बांधाआडची भातजमीन, फार लांब नाही. आतून अभ्यासावं असं तिथे बरंच घडलं. 27 ऑक्टोबर 1933 रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला. 25 गावांचा हा संप 1939 पर्यंत चालला. शेतकऱ्याने स्वतःच शेत ओस ठेवायचं, म्हणजे पहिला उपवास त्याच्याच घरी. लाकूडफाटा विकून माणसं तगली. पुढे कूळकायदा आला, त्यामागे हा संप होता.

2008 ची गोष्ट वेगळी. उरण, पेण, पनवेल तालुक्यांतल्या 45 गावांची जमीन महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, मागितली होती. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारखी चळवळीतली माणसं लोकांबरोबर उभी राहिली. 21 सप्टेंबरला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचं मत घेतलं. सरकारने निकाल जाहीर करण्याचं टाळलं, पण सेझ झालाच नाही.

हे बळ आलं कुठून? माझ्या मते खारेपाटाच्या बांधांवरून. समुद्राच्या बांधाला खांड पडली की खारं पाणी एकट्याच्या शेतात थांबत नाही, अख्ख्या गावाचं भात जातं. म्हणून बांधबंदिस्तीला घरटी माणूस द्यायची जुनी रीत. तिला जोळ म्हणत. जो येत नसे त्याला जाब विचारला जाई. वर्षानुवर्षं असा चिखल उपसलेल्या गावांना संघटना म्हणजे काय, हे भाषणातून शिकवावं लागत नाही. सरकारी नकाशात मात्र ही शेतं नुसता सपाट भूखंड दिसतात.

रोहा-पेणच्या कॉलेजांतल्या मुलांनी प्रकल्पासाठी दूरचे विषय शोधण्याआधी या गावांत जावं. 2008 मध्ये जेवणाची पातेली सांभाळणाऱ्या, वर्गणीची वही ठेवणाऱ्या बाया-माणसांशी बोलावं, आणि आंदोलनात कोण कधी फुटलं, हेही लिहून घ्यावं.