बाजा आणि भाकर



लग्नाच्या मांडवात किंवा फेस्ताच्या मिरवणुकीत बँड वाजू लागला, की आपले पाय नकळत ठेका धरतात. पण तो वाजविणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो, हा विचार सहसा आपल्या मनास शिवत नाही. नटाचा आणि कीर्तनकाराचा संसार आपण कथा-कादंबऱ्यांतून वाचलेला असतो. बँडवाला मात्र गणवेशाआड दडलेलाच राहतो. कोणत्याही दरबाराचा, पलटणीचा अथवा कंपनीचा पगार न घेता पाच-सात जणांनी स्वतःच्या जबाबदारीवर उभा केलेला बँड कसा चालतो, आणि त्यावर घर चालते का, हे आज आपण पाहू. उदाहरण गोमंतकातील ख्रिस्ती वादकांचे घेऊ.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चना जोडून शाळा असत. तेथे प्रार्थनेबरोबर मुलांना पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्यास आणि व्हायोलिन वाजविण्यास शिकवीत. शिकविणाऱ्यास गावात ‘मेस्त’ म्हणत. मूळ हेतू एवढाच, की मिस्सेच्या वेळी गाणारे-वाजविणारे मिळावेत. परंतु बेताच्या शेतीवर गुजराण करणाऱ्या घरातील मुलाच्या हाती त्यामुळे असे कसब आले, की ते कोणत्याही शहरात विकता येई. कागद समोर ठेवला की कधी न ऐकलेली चीजही तो वाजवू शके. म्हणून देशी संस्थानांच्या बँडमध्ये, आगबोटींवर, मोठ्या हॉटेलांत आणि मूकपटांच्या काळी पडद्यासमोरच्या वाद्यवृंदात गोव्याचा वादक दिसू लागला.

मुंबईत उतरल्यावर त्याचा मुक्काम असे गावाच्या ‘कुडी’त. धोबी तलाव, माझगाव या भागांत गोव्यातील निरनिराळ्या गावांनी आपल्या मुलखातील माणसांसाठी या जागा चालविल्या होत्या. भाडे अल्प, सामान ठेवण्यापुरती ट्रंकेची जागा, आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. आगबोटीवरचा खलाशी, आचारी आणि ट्रम्पेट वाजविणारा एकाच छपराखाली झोपत. काम नसलेल्या महिन्यांत वादकाला तगवून धरले ते या कुडींनीच.

आता धंद्याचे गणित पाहू. पहिली अडचण अशी, की हे काम बारमाही नाही. ख्रिस्ती समाजात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात लग्ने टाळली जातात. पावसाळ्यात मांडवच पडत नाहीत. उरतात ते नाताळानंतरचे आठवडे, कार्निव्हालचे दिवस आणि ईस्टरपासून मृगापर्यंतचा काळ. मधूनमधून गावोगावची फेस्ते, एखादी अंत्ययात्रा आणि तियात्र. १८९२ साली मुंबईत ज्याचा पहिला प्रयोग झाला, ते हे कोंकणी संगीतनाट्य रंगमंचापुढे बसलेल्या छोट्या वाद्यवृंदावाचून उभेच राहू शकत नाही. तेव्हा मिळकत थोड्या महिन्यांची आणि पोट मात्र बारा महिन्यांचे, हे या संसाराचे पहिले सूत्र होय.

दुसरे सूत्र वाटणीचे. सुपारीची रक्कम ऐकणाऱ्यास मोठी वाटते. परंतु तिच्यातून आधी प्रवास, गणवेश आणि वाद्यांची दुरुस्ती वजा होते. क्लॅरिनेट व सॅक्सोफोन यांची जिव्हाळी पातळ पट्टीची असते. ती झिजते, चिरते, पुनःपुन्हा विकत घ्यावी लागते. दमट हवेत व्हायोलिनचे सांधे सुटतात. हे सर्व जाऊन जे उरते त्याच्या पाच-सात वाटण्या. शिवाय जो तीन तास वाजला तो बँड आदले अनेक दिवस तालमीत घाम गाळत असतो. त्या तासांचा हिशेब कोणी मांडत नाही. ज्या बँडमध्ये हिशेबाची वही सर्वांसमोर उघडी असते तो बहुधा टिकतो. सुराहूनही पैशावरूनच बँड अधिक फुटतात.

यावरून तिसरे सूत्र निघते : जोडधंदा. तो हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून येतो. कोणी शिलाईकाम करतो, कोणी पावाच्या भट्टीवर राबतो, कोणी कचेरीत लेखनिक असतो, पुष्कळजण मुलांना वाद्य शिकवितात. मुंबईच्या वादकांना मात्र त्यांच्या विद्येतूनच दुसरा धंदा सापडला. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटांपुढे वाजविणाऱ्यांची नोकरी गेली. पण त्याच बोलपटाने पुढे मोठे वाद्यवृंद मागितले. रात्री हॉटेलात नृत्यसंगीत आणि दिवसा ध्वनिमुद्रणाची पाळी, असा दुहेरी दिनक्रम सुरू झाला. आल्डोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे ट्रम्पेटवादक सी. रामचंद्रांबरोबर काम करीत. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात ते पडद्यावरही दिसतात. सेबॅस्टियन डिसोझा यांनी फाळणीपूर्वी लाहोरात बँड चालविला, आणि मुंबईस आल्यावर शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांसाठी वाद्यमेळाची रचना केली. चाल संगीतकाराची, परंतु कोणत्या ओळीमागे किती व्हायोलिने उठावीत हे कागदावर उतरविणारा हात असा असे. श्रेयनामावलीत मात्र ते नाव ‘सहायक’ म्हणून येई, किंवा मुळीच येत नसे.

मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. चित्रपटांची कामे करून आणि शिष्यांना व्हायोलिन शिकवून त्यांनी निर्वाह चालविला. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. परंतु मनात ध्यास होता तो भारतीय रागांवर आधारलेल्या सिंफनीचा. १९५८ मध्ये त्यांनी शंभराहून अधिक कलावंत जमवून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात तो प्रयोग सादर केला. पुढे १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेस गेले. १९७७ मध्ये शिष्याने चित्रपटगीतात त्यांचे नाव गुंफले, तेव्हा ते घराघरांत पोहोचले. पण ते नाव खऱ्या माणसाचे आहे हे गाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते?

यंत्राने एकदा दिलेले यंत्राने परत घेतले. १९८० नंतर इलेक्ट्रॉनिक वाद्ये स्टुडिओत शिरली, आणि पन्नास जणांचे काम एक-दोन माणसांवर आले. लग्नाच्या मांडवात ध्वनिमुद्रित संगीत वाजविणारा एकटा मनुष्य स्वस्त पडू लागला. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन घातले. हे बंधन रुग्णांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हिताचे आहे, यात शंका नाही. पण गोव्याचे लग्न ज्या वेळी रंगात येई, नेमकी तीच वेळ त्याने कापली, हेही खरे.

तरी याच यंत्राने स्वतंत्र वादकाला एक नवी वाटही दाखविली. शिवोलीचे रेमो फर्नांडिस हे शिक्षणाने वास्तुशास्त्रज्ञ. १९८४ मध्ये त्यांनी घरीच छोट्या यंत्रावर आपली गाणी मुद्रित केली, वाद्येही स्वतःच वाजविली, आणि त्या कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचविल्या. मोठ्या कंपनीच्या दारात तिष्ठत बसण्याचे कारण उरले नाही. आजचे तरुण हेच काम घरच्या संगणकावर करतात. मात्र मुद्रण सोपे झाले म्हणून मिळकत सोपी झाली असे नव्हे; आजही पोटाला मुख्य आधार मांडवाचा आणि शिकवणीचाच आहे.

शिक्षक या नात्याने मला पालक नेहमी विचारतात, ‘‘सर, पोरगा बँडच्या नादी लागला आहे, पुढे याचे कसे होणार?’’ एका वडिलांनी तर रागाच्या भरात मुलाचे गिटार माळ्यावर टाकून कुलूप लावले होते. मी त्यांना म्हटले, कुलूप काढा, पण अट घाला. मुलाने दहावी पुरी करावी. स्वरलिपी लिहिण्या-वाचण्यास शिकावे, कारण कानावर वाजविणाऱ्यास एकाच बँडचे काम मिळते, आणि वाचणाऱ्यास दहा ठिकाणचे. आणि हाताशी दुसरे एक कसब ठेवावे. त्यांनी गिटार खाली काढले. मुलगा आता दिवसा वीजतंत्रीचे काम शिकतो आणि शनिवारी वाजवितो. तो मोठा कलावंत होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण बाप-लेक एका पानावर जेवतात, हेही थोडे नव्हे.

जोडधंदा करणाऱ्या कलावंताकडे आपण ‘याचे जमले नाही’ अशा नजरेने पाहतो. खरे पाहता भाकरीची चिंता दुसरीकडे मिटली म्हणजेच बाजा कोणाच्या हुकमाखाली राहत नाही. आणि आपणा ऐकणाऱ्यांकडेही एक कर्तव्य आहे. ठरलेली बिदागी वेळेवर द्यावी, वादकांना पाहुण्यांबरोबरच जेवावयास बसवावे, आणि निरोप देताना एकदा त्यांचे नाव विचारावे. गणवेशाआडच्या माणसाला एवढे पुरेसे असते.