पोस्टिंग आली, आता तिथे आपलं कोण?

‘स्पॉन्सर’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गणेश मंडळाच्या कमानीवर हात जोडून उभे असलेले दादा, नाहीतर टेनिस बॉल टुर्नामेंटच्या टी-शर्टवर छापलेलं कृषी केंद्राचं नाव. पैसे देतो तो स्पॉन्सर. अमेरिकेच्या लष्करात मात्र या शब्दाचा अर्थ भलताच आहे. तिथे एखाद्या सैनिकाची बदली झाली की नव्या तळावरच्या एका माणसाला त्याचा स्पॉन्सर नेमतात. साधारण त्याच हुद्द्याचा, शक्यतो त्याच्यासारखाच घरसंसार असलेला. तो पैसे देत नाही. तो आधीच संपर्क करतो, घर कुठे मिळेल, शाळा कोणती, थंडी किती पडते ते सांगतो आणि पहिले काही दिवस सोबत फिरतो. यासाठी ५४३४ नंबरचा रीतसर फॉर्म आहे. मुलांसाठीही वेगळी सोय आहे. येणाऱ्या मुलाला त्याच्याच वयाचं, आधीपासून तिथे राहणारं एक मूल जोडून देतात.

मग आपल्याकडे काय?

समजा, तुम्ही हिंगणीचे. सेलू तालुक्यातलं, बोर धरणाच्या वाटेवरचं गाव. बाबा फौजेत हवालदार. फौजेत ढोबळमानाने दोनच प्रकारची ठिकाणं असतात, फील्ड आणि पीस. फील्डला घरच्यांना नेता येत नाही, म्हणून इतकी वर्षं तुम्ही, आई आणि लहान भाऊ आजीजवळ गावात. आता बाबांना पीस पोस्टिंग मिळाली. जोधपूर. फोनवर बाबा खूश, आई खूश, भाऊ तर आत्ताच शाळेत सांगून आला. तुम्ही वर्ध्याच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तुम्ही खूश आहात की नाही, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

पुढचं सगळं भराभर होतं. मूव्ह ऑर्डर, रेल्वेचं वॉरंट, पांढऱ्या अक्षरांत नाव आणि नंबर रंगवलेली ती काळी पेटी. सरकारी क्वार्टर मात्र भराभर मिळत नाही. सीनियॉरिटीची यादी असते, नंबर येईपर्यंत बाहेर भाड्याने राहायचं. फौजी त्याला ‘आउट लिव्हिंग’ म्हणतात. आता अनोळखी शहरात, अनोळखी भाषेत, कॅन्टोन्मेंटच्या गेटबाहेर खोली कोण शोधून देणार?

इथे आपली पद्धत सुरू होते, आणि ती फॉर्मवर नाही, रिवाजावर चालते. अधिकारी बदलून जाणार असेल तर तो नव्या कमांडिंग ऑफिसरला आधी डीओ लेटर लिहितो. जवानाच्या बाबतीत युनिट कळवतं आणि स्टेशनवर कोणीतरी घ्यायला येतं. सामान उतरेपर्यंत शेजारच्या क्वार्टरमधून चहा येतो, पहिल्या दिवसाचं जेवण कोणाच्या तरी घरचं असतं. नव्या घरात गॅस लागेपर्यंत चूल पेटवायची वेळ येऊ द्यायची नाही, ही फौजी वसाहतींची जुनी रीत आहे. कुटुंबांच्या अडचणींसाठी १९६६ पासून ‘आवा’ म्हणजे आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन आहे. युनिटच्या फॅमिली मीटिंगमध्ये आईची चार जणींशी ओळख होते.

आणि या सगळ्याच्याही आधी असतो गाववाला. पोस्टिंग कळल्यावर बाबा पहिला फोन कोणाला करतात, बघा. “तिकडं आपला कोणी हाय का?” आधी वर्ध्याचा शोधतात, नाही मिळाला तर नागपूर-अमरावतीचा, तोही नसला तर निदान महाराष्ट्राचा. असा एक माणूस सापडला की अर्धी पोस्टिंग सोपी. दूधवाला कोण, घरमालक कसा, कोणत्या गल्लीत पाणी येत नाही, सगळं तोच सांगतो. आपल्याकडचा खरा स्पॉन्सर हाच. हे सगळं फोनवर चालतं, सोशल मीडियावर नाही. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ अॅप काढून टाकायला सांगितली होती. तेव्हा बाबांच्या पोस्टिंगचं स्टेटस ठेवायचा मोह तुम्हीही आवरा.

मला ही रीत आवडते. पण ती नशिबावर चालते, हेही खरं. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत असतील तर बेळगावच्या सेंटरपासूनच आजूबाजूला मराठी माणसं असतात. पण सिग्नल्स, सप्लाय, वर्कशॉप अशा ठिकाणी देशभरातले लोक एकत्र असतात. तिथे गाववाला मिळेलच असं नाही. कागदावर नाव नसेल तर कोणाची जबाबदारीही नसते. फॉर्मचा फायदा तेवढाच, पण तो मोठा आहे.

भावाचं काय होईल? त्याचं बरं होईल. केंद्रीय विद्यालयांची कल्पनाच मुळात बदल्यांमधून आली. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने योजना मंजूर केली आणि सुरुवात झाली ती २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन. देशभर एकच अभ्यासक्रम, एकच पुस्तकं. प्रवेशात बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आणि जवानांच्या मुलांना प्राधान्य. हिंदीत थोडं अडखळेल, दोन महिन्यांत तुमच्यापेक्षा चांगली बोलेल.

अडतं ते तुमचं. बारावीनंतर केंद्रीय विद्यालय नाही. नागपूर विद्यापीठाची डिग्री अर्धी झालेली, दुसऱ्या राज्यात जायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट, विषय जुळणं आणि तिथे सीट रिकामी असणं. २०२१ पासून अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, क्रेडिट्स जमा राहतात. पण क्रेडिट्स जमा असणं वेगळं आणि कॉलेजने मधल्या वर्षाला दारात उभं करणं वेगळं. इग्नूत स्टडी सेंटर बदलून मिळतं, म्हणून तोही एक रस्ता. नाहीतर सगळे जोधपूरला आणि तुम्ही आजीजवळ, किंवा हॉस्टेलवर. सैनिकांच्या मुला-मुलींसाठी सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहं अनेक जिल्ह्यांत आहेत. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची, आणि ती जूनमध्ये गर्दी होण्याआधी. इतकी वर्षं बाबा लांब होते, आता ते कुटुंबासोबत आणि तुम्ही लांब. हा हिशेब कुठल्याच ऑर्डरमध्ये लिहिलेला नसतो.

आता उलट बाजूने बघा. जसे तुम्ही जोधपूरला जाल, तसं कोणीतरी आपल्याकडे येतं. पुलगावला देशातल्या सर्वात मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. बाहेरच्यांना ते नाव ३१ मे २०१६ च्या आगीमुळेच ठाऊक, पण तिथे वर्षानुवर्षं देशभरातली कुटुंबं येतात आणि जातात. तिकडे कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर आहे. ही मुलं पुढे आपल्याच कॉलेजांत येतात. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात ‘डिफेन्स-३’ हा प्रकार आहेच, महाराष्ट्राचा डोमिसाइल नसलेल्या पण इथे बदली होऊन आलेल्या जवानांच्या मुलांसाठी. डिफेन्स-१ माजी सैनिकांच्या आणि डिफेन्स-२ नोकरीत असलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी, दोन्हींत डोमिसाइल महाराष्ट्राचा. तुमचे बाबा फौजेत असतील तर हे तीन आकडे पाठ करा, चुकीचा भरला तर कागदपत्रांच्या तपासणीत डोकं धरून बसाल.

माझ्या एका वर्गमैत्रिणीचे वडील फौजी. बारावीपर्यंत तिच्या सहा शाळा झाल्या. ती सांगते, शाळा बदलण्याचं तिला कधी काही वाटलं नाही. आधीच्या एका कॉलेजात मात्र इंटर्नलच्या तारखाच कळल्या नव्हत्या, कारण त्या फक्त वर्गाच्या ग्रुपवर पडायच्या आणि ग्रुपमध्ये ती नव्हती. युनिटने तिच्या आईला चहा पाजला, बाबांना घर शोधून दिलं. कॉलेजच्या गेटपर्यंत मात्र युनिट येत नाही.

तिथे कोण येऊ शकतं, तर मागच्या बाकावर बसलेले तुम्ही. पंजाबहून किंवा तामिळनाडूहून आलेल्या मुलाला ज्या गोष्टी कोणी सांगत नाही, त्या तुम्हाला झोपेतही माहीत आहेत. एसटीचा विद्यार्थी पास दोन-तृतीयांश सवलतीत मिळतो, पण त्याला कॉलेजचं बोनाफाइड लागतं. परीक्षेचा फॉर्म लेट फीशिवाय कधीपर्यंत. मे महिन्यात पंख्याने काही होत नाही, कूलर आधी घ्या. ‘काऊन बे’ म्हणजे भांडण नव्हे. गोरसपाक कुठे मिळतो. त्याला ग्रुपवर घ्या आणि ग्रुपवरचं मराठी त्याला कळतंय का, तेही एकदा विचारा.

आणि त्याचे घरचे दिल्ली किंवा चेन्नईहून यायचे असतील, तर तिकीट काढायच्या आधीच सांगा, त्या लाइनवरच्या बऱ्याच गाड्या वर्ध्याला येतच नाहीत. सेवाग्रामला उतरायचं.