जनुकांची गाठ कोण सोडते?



आपल्या वाशीम जिल्ह्यात कारंजा, मानोरा भागात कापूस पिकतो. जिनिंगमधून निघालेली सुटी रुई आणि प्रेसमध्ये दाबून बांधलेली गाठ, दोन्हींत माल तोच. पण गाठ सोडल्याशिवाय तिच्यातून सूत निघत नाही. पेशीतील जनुकांचेही असेच आहे.

जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती, असे आपण वर्गात शिकवतो. मग एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, “गुरुजी, डोळ्यात आणि यकृतात जनुके तीच, तर कामे वेगळी कशी?” उत्तर असे, की जनुक नुसते असून भागत नाही, ते वाचले जावे लागते, म्हणजे त्याची आरएनएच्या रूपात नक्कल निघावी लागते.

हे कोडे सोडवायला पाव फुगवणारे यीस्ट फार उपयोगी पडले. हा एका पेशीचा जीव. त्याच्या १६ गुणसूत्रांचा आणि सुमारे ६,००० जनुकांचा आराखडा १९९६ मध्ये पूर्ण झाला. यीस्टमध्ये, तसाच आपल्यातही, डीएनएचा धागा रिळांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोन प्रथिने मिळून एक रीळ होते. हिस्टोनांच्या शेपट्यांवर धन विद्युतभार आणि धाग्यावर ऋण, म्हणून पकड घट्ट बसते.

जीसीएन-५ नावाचे प्रथिन या शेपट्यांना अ‍ॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट जोडते. तिथला धनभार नाहीसा होतो, पकड सैल पडते आणि वाचणाऱ्या यंत्रणेला वाट मिळते. आरपीडी-३ हे दुसरे प्रथिन तो गट काढून घेते, की गाठ पुन्हा आवळली!

एक उदाहरण घेऊ. दुधातील साखर ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळून बनते. यीस्टला ग्लुकोज मिळत असेल, तर गॅलॅक्टोज पचवणारी जनुके बंद राहतात. ग्लुकोज नाही आणि गॅलॅक्टोज मात्र आहे, असे झाले की गॅल-४ या प्रथिनावर बसलेला गॅल-८० चा पहारा ढिला होतो. मग गॅल-४ मदतीला ‘सागा’ नावाचा प्रथिनांचा मोठा जथा बोलावते. जीसीएन-५ त्याच जथ्यातले. काही मिनिटांत जनुके वाचली जाऊ लागतात. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. पी. जे. भट यांनी या व्यवस्थेचा दीर्घ अभ्यास केला. त्यांचा त्यावरील ग्रंथ २००८ मध्ये निघाला.

हे सारे यीस्टपुरतेच असते, तर आपण कशाला एवढा विचार केला असता? पण गाठ सोडणारी व बांधणारी अशीच प्रथिने माणसातही आहेत. काही कर्करोगांत, पेशीची वाढ आवरणारी जनुके धड असूनही आवळून बंद केलेली आढळतात. अ‍ॅसिटिल गट काढणाऱ्या प्रथिनांना अडवणारे व्होरिनोस्टॅट हे औषध अमेरिकेत २००६ मध्ये त्वचेत दिसणाऱ्या एका रक्तपेशींच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. सर्व कर्करोगांवरचा तो रामबाण नव्हे. पण जनुक न बदलता त्याचे वाचन बदलता येते, ही दिशा त्याने दाखवली.

तेव्हा शिक्षक मित्रहो, आनुवंशिकता शिकवताना एवढे जरूर सांगा: वारशात काय मिळाले हा अर्धा प्रश्न झाला, त्यातले केव्हा आणि कुठे उघडले गेले, हा उरलेला अर्धा.